गळा बघनाऱ्या डॉक्टरीनबाई

माझ्या इनोदाला जी बाई नऊ-धा वर्सांत एकदा बी हसली न्हाई, तिच्यामुळं म्या आज शहान्यात मोजला जातो. पुरता शहाना न्हाई, बायकोला इचारा. पन मोजला जातो.

म्या नसरापूर ते वेल्हं जीप चालवायचो. शाळंत तिसरीपातूर गेलो, तिसरीत दोनदा गेलो, मंग मास्तर म्हनले, आता तू आमाला शिकवायला लागशील, घरी जा. तवापासनं तोंडावर पोट. गाडी समद्यांच्याच चालत्यात, पन माझ्या गाडीत लोक हसत बसायचे. म्हातारी मानसं मागली जीप सोडून माझ्यासाठी थांबायची. सांगायचो काय, तर माझीच फजिती. दुसऱ्याची सांगितली तर मार खावा लागतो, स्वताची सांगितली तर च्या मिळतो.

डॉक्टरीनबाई मूळच्या भोरच्या, तिथल्या मुसलमान घरातल्या. सरकारी दवाखान्यात उभी हयात काढून रिटायर झाल्या, अन घरी बसायचं सोडून वेल्ह्याच्या बाजारात एका खोलीत दवाखाना टाकला. रोज सकाळी भोरहून ST नं नसरापूरला, अन तिथनं माझ्या जीपनं वेल्ह्याला. सत्तरी आलेली, अंगानं कोथिंबिरीची काडी, अन हातात बारा महिने छत्री. ऊन असलं तर छत्री, पाऊस असला तर छत्री, अन दोन्ही नसलं तर काखंत धरून शेजारच्याला टोचायला छत्री.

त्येंची खोड सांगतो. गाडीत बसल्या की त्या मानसाच्या तोंडाकडं बघायच्याच न्हाईत. गळ्याकडं बघायच्या. पिशवीत पान्याची बाटली. एकादीचा गळा मनात भरला की बाटली म्होरं. "पाणी पी. एक घोट. आता गिळ. डोकं वर कर, वर." बाई बिचारी भेदरून गिळायची, अन ह्या डोळे बारीक करून बघायच्या, गळ्यात काय वरखाली हलतंय का. एकदा पुन्याचा एक पोरगा गड बघायला आला व्हता. त्याला वाटलं, बाई गुंगीचं पाजतीय. त्यो मार्गासनीलाच उतरून चालत गेला. बाई म्हनल्या, "गळा चांगला होता त्याचा."

रोज्यांच्या महिन्यात स्वता थेंब घ्यायच्या न्हाईत, पन बाटली काठोकाठ भरून आनायच्या. म्हनलं, "बाई, स्वता उपाशी अन लोकांना पाजता?" तर म्हनल्या, "गळा काय रमजान बघून सुजतो का?"

पासलीच्या अंगाची एक सासू सुनंला घेऊन आली. म्हनली, "बाई, हिला आळसाचं औशिद द्या. बसंल तितं झोपती, भाताच्या लावनीला वाकत न्हाई." बाईंनी सुनंला खुर्चीवर गुडघ्यावर उभं केलं, अन टाचंच्या वर रबरी हातोडी मारली. पाय हलला, पन माघारी यायला त्याला सवड पायजे व्हती. बाई म्हनल्या, "हा आळस नाही, हे थायरॉईड आहे. आता तू चढ." सासू म्हनली, "म्या कशापायी?" "चढ म्हटलं ना." सासूचा पाय तर सुनंच्या वरताण. रक्ताचा रिपोट आला अन दोगी एकाच गोळीवर आल्या. सासू परत कवा आळस म्हनली न्हाई.

माझा गळा बी बघितला व्हता. "पाणी पी," म्हनल्या. प्यालो. "गाठीसारखं आहे. रक्त तपासून घे." म्या म्हनलं, "बाई, ती गाठ न्हाई. लगीन गिळलंय, त्ये अजून खाली उतरलं न्हाई." गाडी हसून हसून हलली. बाई म्हनल्या, "हं. रक्त तपासून घे." दोन वर्सं म्हनत राह्यल्या. दोन वर्सं म्या त्याच इनोदावर टोलवलं. सुईला भितो म्या, ह्ये खरं कारन. पन ड्रायव्हर मानूस सुईला भितो आसं गाडीत कसं सांगायचं?

अन हसायच्या न्हाईत म्हनजे न्हाईतच. म्या रोज रातच्याला आथरुनात पडून उद्याचा इनोद जुळवायचो, खास त्येंच्यासाठी. सकाळी गाडीत सांगितला की समदी खिदळायची अन ह्या म्होरं बघून म्हनायच्या, "हं. हा गेल्या आखाडात झाला. तेव्हा म्हैस होती, आज रेडा केलास." एक इनोद इसरायच्या न्हाईत. माझी मापंच काढून ठेवल्याली त्येंनी.

आता म्होरचं. त्यातलं निम्मं मला आठवत न्हाई, बायकोनं सांगितलंय. अन माझ्याबद्दल वंगाळ सांगायला बायको कदी कमी करत न्हाई, तवा खरंच आसंल.

आदी हात थरथरायला लागला. मंग अंगाला मधीच झटका बसायचा. सरपंचाच्या वट्यावर च्या पीत व्हतो, तर हात उडाला अन समदा च्या सरपंचाच्या पांढऱ्या शर्टावर. लोक म्हनले, "काय टायमिंग हाय गड्याचं!" बोलताना शब्द सापडायचा न्हाई, म्या तसाच आ करून उभा. लोक म्हनले, "नक्कल कुनाची म्हनायची ही?" घरात बायकोला म्हनलं, "बाई, तुमचं गाव कंचं?" ती म्हनली, "लाडात येऊ नका." अन दोन दिस गेले की म्या पुना ठनठनीत. मंग परत तसंच. ज्यानं जलमभर सोंगं केली, त्याच्या आजाराला कोन आजार म्हननार? म्या माझ्याच हातानं माझी वाट बंद केल्याली.

त्या दिवशी गाडी भरून निघाली. म्या माझा नेहमीचा सुरू केला: सासऱ्यानं इचारलं, जावईबापू, गाडीत मानसं किती बसत्यात? म्हनलं, बसत्यात नऊ, मावत्यात सतरा. तर म्या म्हने इतकंच म्हनलं, "सासऱ्यानं इचारलं, गाडीत मानसं किती बसत्यात?" अन गप. थोड्या येळानं परत, "सासऱ्यानं इचारलं..." अन गप. तिसऱ्यांदा सुरू केलं तवा गाडी हसून आडवी झाली. मागं एक म्हातारी म्हनली, "आरं आवर, पोटात कळ आली!" विंझरच्या म्होरं म्या गाडी कडंला घेतली, मागं वळून इचारलं, "पाव्हनं, वेल्ह्याला कुठनं जायाचं?" ज्या रस्त्यावर म्या मोठा झालो त्यो रस्ता. समदे टाळ्या पिटायला लागले.

बाईंनी हात घातला, चावी काढली अन पिशवीत टाकली.

"उतर," म्हनल्या.

लोक म्हनले, "बाई, आवो गंमत करतोय त्यो!"

"आठ वर्षं ऐकतेय मी ह्याच्या गमती. ह्यानं एकाच गमतीला तीनदा हात घातला आणि शेवट एकदाही केला नाही. हा भुकेला राहील, पण शेवट सोडणार नाही. गाडी इथनं हलायची नाही."

"आमाला उशीर व्हतोय, त्येचं काय?"

"चालत जा. जिवंत पोचाल."

समदे शिव्या घालत चालत गेले, मला न्हाई, बाईंना. बाई माझ्याशेजारी रस्त्याच्या कडंला छत्री धरून बसल्या, बायको यीस्तवर. तिला म्हनल्या, "ह्याला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या."

घरात थोरला भाऊ, आन्ना, त्येचं म्हननं पडलं की दारू. म्या दारू पीत न्हाई, पन माझं म्हननं त्या टायमाला कोन इचारतंय? मंग कोन म्हनलं, भायेरचं हाय, लिंबू उतरवा. उतरवला. त्येच आठवड्यात मला फिट आली, तोंडातनं फेस, अन लिंबू पायाखाली चेंगारला. मंग आन्नानंच टेम्पो करून पुन्याच्या मोठ्या हास्पिटलात नेलं. आन्ना वाईट न्हाई. घाबरलेला मानूस हाय, आमी समदे तसलेच.

तितं डोक्याचा मोठा फोटू काढला. चांगला आला. बायको म्हनती, तुमचा त्येवढाच एक फोटू चांगला आलाय. पाठीतनं पानी काढलं, जंतू न्हाईत. म्या तवर वार्डात नर्सबायांकडं तिकिटं मागत फिरत व्हतो, अन कोन जवळ आलं तर आरडत व्हतो. शेवटी एक तरनाबांड डॉक्टर म्हनला, मेंदूत काय सापडत न्हाई, मानसिक दिसतंय, तिकडच्या हास्पिटलात भरती करा, भावाची सही लागंल. आन्नानं पेन घेतला. बायकोनं त्येचा हात धरला. "भावजी, थांबा. एक फोन करू द्या."

तिनं फोन बाईंना लावला. आता सवाल येवढाच व्हता, आदी सही व्हती का आदी बाई येत्यात. सही झाली असती तर म्या तितं किती दिस राह्यलो असतो, अन कोन होऊन भायेर आलो असतो, ह्ये देवाला बी सांगता आलं नसतं.

बाई ST नं आल्या. दुपारच्या उन्हात, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात त्यो रबरी हातोडा, जसं काय कुनाच्या तरी टाळक्यातच हानायचाय. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. सरळ त्या तरन्या डॉक्टरकडं. बायको शेजारी उभी व्हती, तिला त्ये बोलनं अजून तोंडपाठ हाय.

"वायरी लावून मेंदूचा आलेख काढलात?"

"काढला. मंद आहे. पण आम्ही झोपेची औषधं दिलीत म्हणून असेल."

"कधीपासून दिलीत?"

"आलेखानंतर."

"हं. पाठीच्या पाण्यात प्रोटीन?"

"थोडं जास्त."

"थायरॉईड?"

"किंचित कमी काम करतंय. त्यानं माणूस इतका बिघडत नाही, मॅडम."

"त्यानं नाहीच बिघडत. थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी तपासल्या?"

पोरगा हसला. "मॅडम, त्या तर कितीतरी चांगल्या माणसांच्या रक्तात सापडतात. सापडल्या म्हणून काय सिद्ध होतं?"

"काही सिद्ध होत नाही," बाई म्हनल्या. "बरोबर शिकलायस. म्हणून तर म्हणते, त्याही तपास, मेंदूवर उठणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीही तपास, बाकीची सगळी कारणं एकेक करून काढून टाक. आणि हातात दुसरं काहीच उरलं नाही, तर स्टेरॉईड देऊन बघ. वेडा ही चिठ्ठी सगळ्यात शेवटी लिहायची. तू पहिली लिहिलीस."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर माझं चुकलं असं लिही, मी सही करते. आणि खरंच मनाचा आजार निघाला, तर त्यालाही औषध आहे, त्यात लाज कसली? पण न बघता लिहायचं नाही."

आन्ना मधी पडला, "बाई, आमी गरीब मानसं, डॉक्टरसायब म्हनत्यात तर..."

"तू गप बस. आणि पेन खिशात ठेव."

पोरगा चांगला निघाला. रागानं का व्हयना, पन त्यानं मोठ्या डॉक्टरला बोलावलं. मोठ्यानं बाईंचं समदं ऐकून घेतलं, अन रक्त तपासायला गेलं. रिपोट आला तवा अँटीबॉडी इतक्या की मशीनीनं मोजायचंच सोडून दिल्यालं. मेंदूवर उठनाऱ्या दुसऱ्या कुठल्या सापडल्या न्हाईत. माझंच अंग माझ्यावर उलटलं व्हतं. आदी गळ्यावर, मंग डोक्यावर. मला काय नवल वाटलं न्हाई, माझ्याशी कुनाचं जास्त दिस पटतच न्हाई.

पाच दिस सलाईनीतनं स्टेरॉईड दिलं. चौथ्या दिवशी सकाळी आन्ना खाटंजवळ च्या घेऊन उभा व्हता. म्या त्येच्याकडं बघितलं अन म्हनलं, "आन्ना, तुझ्या शर्टाची गुंडी खालवर लागलीय." आन्नानं खाली बघितलं. खरंच लागल्याली. दोन दिस तसाच फिरत व्हता अन आख्ख्या हास्पिटलात एकाला दिसलं न्हाई. आन्ना तितंच खाली बसून ढसाढसा रडला. बायकोनं बाईंना फोन केला. बाई म्हनल्या, "हं. गोळ्या बंद करू नको म्हणावं." अन फोन ठेवला.

आता माझा शहानपना ऐका. घरी आलो. गोळ्यांनी तोंड सुजून भाकरीवानी गोल झालं. बाया म्हनायच्या, "बाळसं धरलंय की!" बाप्ये म्हनायचे, "येड्याच्या गोळ्या त्या, सुटायच्या न्हाईत." म्या म्हनलं, दाखवतो सोडून. कुनाला न सांगता समद्या बंद केल्या. बाईंनी बजावलं व्हतं, ही गोळी एकदम सोडली तर जीव बी जाऊ शकतो, पायरी पायरीनंच कमी करायची, अन ती बी आमी सांगू तवा. पन शहान्या मानसाला कोन सांगनार?

एका दुपारी म्या वेल्ह्याच्या ST स्टँडवर बायकोचा स्वेटर घालून उभा, अन आरडतोय, "नसरापूर, नसरापूर, बसा लवकर!" गाडी नव्हतीच. ती घरी ताडपत्रीखाली व्हती. पन आवाजात वजन आसं की चार मानसं रांगंत उभी राह्यली. बाई दवाखान्यातनं आल्या, त्या चौघांना म्हनल्या, "ही गाडी पुण्याला चाललीय, तुमच्या कामाची नाही." अन मला घेऊन परत त्येच हास्पिटल, परत सलाईन.

ह्या खेपंला त्या रागावल्या न्हाईत. त्येच वंगाळ. पुन्याच्या डॉक्टरनं जोडीला दुसरी गोळी लावली, स्टेरॉईड हळूहळू उतरवायला. बाईंनी समद्या गोळ्या बायकोच्या ताब्यात दिल्या, अन मला म्हनल्या, "शेवटची फिट आली त्या दिवसापासनं पुरतं वर्ष गाडीला हात लावायचा नाही. मी सांगेन तेव्हा."

वर्स लई मोठं असतं. बायको दुसऱ्याच्या लावनीला जायची, म्या घरी भाकऱ्या करपवायचो. जीपमदी माझ्या शिटावर कोंबडी अंडी घालायला लागली, तिला उठवलं तर मलाच टोचायची. दर महिन्याला बाईंकडं जायाचो. "बाई, आता गाडीच्या कागदावर सही करा की." "नाही." "बाई, म्या बरा हाय." "तू बरा आहेस हे तू सांगून कळत नाही. तू आजारी होतास तेव्हाही तू हेच सांगत होतास."

तवर स्टँडवर माझं 'येडा' आसं नाव पडल्यालं. समोर म्हनत न्हाईत, पन म्या गेलो की बोलनं थांबतं. लोक पयल्यांदाच मला न हसता बघत व्हते. त्येची म्या कवाच सवय केली न्हवती.

वर्स सरलं. पुन्याच्या डॉक्टरचं पत्र आलं. बाईंनी माझी हातोडीनं सालपटं काढली, नाकाला बोट लावायला लावलं, शंभरातनं सात सात वजा करायला लावलं. म्हनलं, "बाई, ह्ये मला शाळंत बी आलं न्हाई." "माहितीय. मास्तरांना विचारलंय मी. पाच पाच वजा कर." त्ये जमलं. मंग सही केली.

दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, स्टँडवर लावली. लाईनीतल्या दुसऱ्या गाड्या भरल्या अन गेल्या. माझ्या गाडीत कोन बी न्हाई. म्या हाळी घातली, आवाज निम्माच निघाला. लाईनीचा म्होरक्या त्याची जीप लावून उभा व्हता. त्यो सरळ दवाखान्याच्या दारात गेला अन समद्यांना ऐकू जाईल आसं म्हनला, "बाई, येड्याच्या हातात गाडी देता? मानसांच्या जिवाचा सवाल हाय!"

बाई भायेर आल्या. "तू टपावर माणसं बसवतोस तेव्हा हा सवाल कुठं असतो? आणि तो वेडा नव्हता, आजारी होता. तुला साखर आहे, म्हणून मी तुला काय गुळाची ढेप म्हणते का?"

दवाखान्यात सात-आठ मानसं बसल्याली. बाई त्येंना म्हनल्या, "दोन तासांनी येते." भर दुपारी कुलूप लावलं अन येऊन माझ्या गाडीत बसल्या.

"चल, नसरापूर."

"बाई, एकट्याच? परवडायचं न्हाई."

"तुला कोण विचारतंय?"

तेवढ्यात एक म्हातारी पाटी घेऊन आली. गाडीत डोकावली, मला बघितलं, अन पाटी काय खाली ठेवंना. तिनं बाईंनाच इचारलं, "बाई, ह्यो आता पुरता बरा झाला व्हय?"

माझा जीव कानात आला. खोटं एक वाक्य बोलल्या असत्या तर म्हातारी काय, आख्खं स्टँड बसलं असतं.

"नाही," बाई म्हनल्या, चांगल्या मोठ्यांदा. "हा आजार परत येऊ शकतो. आला तर आम्हाला आधी कळेल, तेव्हा गाडी बंद, उपचार चालू. आज तो धड आहे, मी तपासलाय. बसायचं तर बस, नाहीतर बाजूला हो."

म्हातारीनं इचार केला. पाटी आत सरकवली. मागनं दोन बाया चढल्या, मंग एक मास्तर. म्होरक्या बघत राह्यला.

म्या ऐटीत आरसा बघितला, छाती काढली, गेर टाकला, क्लच सोडला, अन जीप आख्ख्या स्टँडादेखत दोन उड्या मारून बंद पडली.

पाटी घेतल्याली म्हातारी उठायच्या बेतात.

डॉक्टरीनबाई म्होरं बघूनच म्हनल्या, "ह्यावर माझ्याकडं औषध नाही. परत सेल्फ मार."

म्या मारला.